निरोगी माणसाने मुद्दाम जुलाबाचे जंतू प्यायचे? भाचा विचारतोय, जाऊ का

परळची_लॅबवाली | सोमवार, रात्री १०.४५

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. जेवताना वाचू नका, आधीच सांगून ठेवते.

माझा भाचा अमेरिकेत मेरीलँडला एमएस करतो. शनिवारी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका जाहिरातीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, तुझ्या खात्यातलं काम आहे. जाऊ का?" त्यांना धडधाकट तरुण माणसं हवीत. दहा-बारा दिवस वॉर्डात राहायचं आणि एक घोट प्यायचा. त्या घोटात जुलाबाचे जिवंत जंतू. पुढे काय होतं ते डॉक्टर बघणार, बरं करून घरी सोडणार, वर पैसे देणार. ताईला अजून पत्ता नाही. कळलं तर पहिल्या विमानाने जाऊन कान धरून आणेल त्याला.

मी २६ वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे. पाऊस लागला की आमच्या खिडकीत छोट्या डब्यांची रांग लागते. कॉलऱ्याचा नमुना बहुतेक वेळा झाकण काढताच ओळखू येतो. भाताच्या पातळ पेजेसारखं पांढुरकं पाणी, त्यात तरंगणारे कण, थोडा माशासारखा वास. त्याचा थेंब काचेवर उलटा टांगून मायक्रोस्कोपखाली धरला की दिव्याभोवती चिलटं नाचावीत तसे जंतू सैरावैरा धावताना दिसतात. दुसऱ्या दिवशी हिरव्या प्लेटवर पिवळ्या चपट्या कॉलनी आल्या की आम्ही वर फोन करतो. हे आपल्या तोंडात जाऊ नये म्हणून मी नोकरीभर कोपरापर्यंत हात धुतलेत. आणि तिकडे लोक रांग लावून पितायत!

पहिल्यांदा रागच आला, मग दोन रात्री वाचत बसले. मुद्दा असा की हे आजार खास माणसाचे. मोठ्या उंदराला कॉलरा पाजा, त्याला ढिम्म काही होत नाही. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले, तो पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की ही करामत जंतूच्या विषाची आहे. पण बांधलेला तुकडा म्हणजे जुलाब झालेला माणूस नव्हे. लस चालते का हे बघायचं तर एक तर हजारो लोकांना ती टोचून किंवा पाजून साथीची वाट बघा, नाहीतर थोड्या माणसांना लस द्या, थोड्यांना नुसतं पाणी द्या आणि मग सगळ्यांना मोजून जंतू पाजा.

डोक्याला पटतंय, पोटाला पटत नाही. उद्या आपल्या मुंबईत असं केंद्र निघालं तर तुम्ही जाल? पोराला जाऊ द्याल?

---

गिरगावचा_बंड्या | सोमवार, रात्री ११.०२

ह्यासाठी मेरीलँड? आमच्या नाक्यावर प्लेटला चाळीस रुपये देऊन हाच प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे. तिखट की मीडियम एवढीच काय ती संमती विचारतात.

---

नाना_डोंबिवलीकर | मंगळवार, सकाळी ६.१५

बंड्या, हस. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांच्या तोंडी 'कॉलरा' हा शब्द कधी आला नाही. 'पटकी' म्हणायचे, आणि तेही आवाज खाली आणून. गावाकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार सोडून यायचे. पलीकडचं गाव तो पुढच्या शिवेवर ढकलायचं. साकीनाक्याजवळच्या जरीमरीवरून रोज बस जाते, पण त्या नावाखाली काय दडलंय ते आता कोणाला आठवत नाही.

मुद्दाम पिण्याची गोष्ट जुनी आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर, वय ७३. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख म्हणतो तसा नुसत्या जंतूने कॉलरा होतच नाही, असं त्यांचं ठाम मत. ते सिद्ध करायला ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी कॉलऱ्याचे जंतू घटाघट प्यायले. पोट थोडं बिघडलं, शौचात जंतूही सापडले, पण म्हातारा शेवटपर्यंत म्हणत राहिला की हा कॉलरा नव्हेच. स्वतःवर प्रयोग करूनही माणूस चुकीचंच सिद्ध करू शकतो.

त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये हाफकिनने स्वतःची कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली होती. हाच हाफकिन पुढे प्लेगच्या वेळी मुंबईत आला. १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचली आणि मग तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. तुरुंगही भायखळ्याचाच. लॅबवाल्या बाई, तुमच्या परळला त्याच्या नावाची संस्था आहे, म्हणून म्हटलं आठवण करून द्यावी.

---

सावित्री_बोलतेय | मंगळवार, सकाळी ९.४०

नाना, कैद्याला 'स्वयंसेवक' म्हणताना तुमची जीभ अडखळली नाही का? मेरीलँडमध्येही टायफॉइड आणि शिगेलाच्या (रक्ती आव करणारा जंतू) सुरुवातीच्या चाचण्या जेसपच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच झाल्या. १९७० च्या दशकात ते बंद करावं लागलं. ज्याला दाराबाहेर जायची सोय नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत?

आपल्याकडचंही ताजं आहे. आंध्र आणि गुजरातमधला मुलींच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या) लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. संसदेच्या समितीने नंतर ठपका ठेवला त्यात हेही होतं की आंध्रात कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. तिथे तर लस टोचायची होती. इथे रोग पाजायचाय.

---

स्टेथोस्कोप | मंगळवार, दुपारी २.२०

ओपीडी संपली, आता लिहितो. सावित्रीताईंशी भांडण नाही, पण 'रोग पाजतात' एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय पाजतात ते महत्त्वाचं.

जंतूची जात ठरलेली असते. त्याचा सगळा इतिहास माहीत, कोणत्या अँटिबायोटिकने मरतो ते आधीच तपासलेलं, मात्रा मोजलेली. ही मात्रा कळली तीच मुळात स्वयंसेवकांमुळे. नुसत्या पाण्यातून कॉलरा व्हायला १० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू लागतात, कारण पोटातलं आम्ल त्यांची कत्तल करतं. पण आधी २ ग्रॅम खायचा सोडा पाण्यातून दिला, आम्ल मारलं, तर १०,००० ते १० लाखांत काम होतं. (पेटेनकोफरनेही सोडा घेतला होता. म्हातारा हट्टी असला तरी कच्चा नव्हता.) जे लोक डॉक्टरला न विचारता वर्षानुवर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी गिळतात, त्यांनी हे वाक्य पावसाळ्यात पुन्हा वाचावं.

शिगेला तर महाबिलंदर. त्याला सोड्याचीही गरज नाही, शंभर-दोनशे जंतू पुरतात, कधी दहासुद्धा. म्हणून तो एका घरातून दुसऱ्या घरात नुसत्या हातांनी फिरतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९५ मध्ये २९ निरोगी माणसांवर पाहिलं तर साधारण १३२ बीजकोशांत निम्म्यांना संसर्ग झाला. असे आकडे हातात असतील तर पाणी शुद्ध करणाऱ्याला कुठपर्यंत जायचं ते ठरवता येतं.

आता लस. व्हॅक्सकोरा नावाच्या कॉलऱ्याच्या तोंडी लशीला जून २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती मुख्यतः अशाच चाचणीवर. सगळे मिळून २०० सुद्धा माणसं नव्हती. लस घेतल्यावर १० दिवसांनी जंतू पाजले तर सुमारे ९० टक्के संरक्षण, ३ महिन्यांनी पाजले तर सुमारे ८०. आजारी कोणाला म्हणायचं? एकूण ३ लिटर किंवा जास्त पातळ शौच झालं तर.

---

गिरगावचा_बंड्या | मंगळवार, दुपारी २.३१

३ लिटर??? आणि ते मोजतं कोण?

---

कळव्याची_सिस्टर | मंगळवार, रात्री ८.०५

मी मोजायचे. 🙋‍♀️

वाचनमात्र होते इतकी वर्षं, ह्या प्रश्नावर मात्र गप्प बसवेना. इकडे अमेरिकेत आल्यावर पहिली तीन वर्षं अशाच एका वॉर्डात नर्स होते.

कमोडवर एक प्लास्टिकचं भांडं बसवतात, उलट्या टोपीसारखं. इकडे त्याला हॅटच म्हणतात. कोणी उठलं की बेल वाजवायची, फ्लश करायचा नाही. आम्ही भांडं उचलून उजेडात बघायचो आणि १ ते ५ पैकी नंबर द्यायचो. १ म्हणजे बांधलेलं, २ मऊ, ३ म्हणजे दाट पण भांड्याचा आकार घेणारं, ४ गढूळ पाणी, ५ म्हणजे जवळपास आरपार दिसणारं पाणी. ३ पासून पुढचं सगळं वजनकाट्यावर. रात्रपाळीला दोघी नर्सेसमध्ये '२ की ३' यावरून वाद व्हायचे. तांदूळ निवडताना खडा की कणी करत बसतात ना, तसे. 😄

पिण्याचा दिवस शांत असतो. दीड तास आधी आणि दीड तास नंतर पोटात काही नाही. सोड्याचं १५० मिली पाणी करतात, त्यातलं १२० आधी पाजायचं आणि उरलेल्या ३० मध्ये जंतू घालून ते. जंतूंना चव नसते, सोड्याची खारट चव तेवढी येते. तो छोटा कप हातात घेतल्यावर बरेच जण एक क्षण थांबायचे. एक मुलगा तर आमच्याकडे बघून "चिअर्स" म्हणाला होता, तोच दुसऱ्या रात्री सोळा वेळा उठला.

जेवढं पाणी जाईल तेवढं ओआरएस मोजून परत पाजायचं. मळमळीने पिववलं नाही किंवा फारच गेलं की सलाईन. ठरलेल्या दिवशी, आणि कोणी जास्तच आजारी असेल तर त्याच्या आधीच, अँटिबायोटिक. शौचात जंतू नाहीत असं लागोपाठ तपासून निघाल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडत नाहीत, परीक्षा असो नाहीतर लग्न असो.

आत घेण्याआधी सगळं समजावून लेखी परीक्षा घेतात, नापास झालात तर घरी. हॉटेलात स्वयंपाक करणारे नकोत, घरात तान्हं बाळ असलेले नकोत. शिगेलासाठी रक्ताची एक खास चाचणी करतात, कारण काहींना त्यानंतर सांधे धरतात. ते दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं. पूर्ण बिनधोक आहे असं मी म्हणणार नाही. लॅबवाल्या ताईंच्या भाच्यानेही कोणी तसं म्हटलं तर ऐकू नये.

---

संपादक | मंगळवार, रात्री ९.१०

पाणीपुरीवाल्यांबद्दलचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, त्याला जातीपातीचे फाटे फोडू नका.

---

चाकरमानी_८१ | मंगळवार, रात्री ११.५०

मी लिहू की नको असं चाललं होतं. बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

२००९ ला नोकरी गेली. आमच्याकडचा एक जण 'औषध टेस्टिंग'ला जायचा, त्याने नेलं. कंपनीचं नाव घेत नाही. जुनंच औषध, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, ते रक्तात तेवढंच उतरतं का हे बघायचं. दोन रात्री राहायचं, हाताला सुई लावून ठेवलेली, सुरुवातीला दर अर्ध्या तासाला रक्त. चौदा-पंधरा जण एका हॉलमध्ये, टीव्हीवर क्रिकेट. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दोन्ही मिळून सहा हजार हातात आले. मुलीची फी भरली.

फॉर्म मराठीत होता, पण त्यात 'जैवसमतुल्यता' असा शब्द होता. विचारलं तर मुलगी म्हणाली, "काका, ते फॉरमॅलिटी असतं." मध्ये तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असा नियम. मी एका महिन्यात दुसरीकडे गेलो. खोटं सांगितलं. सगळेच सांगायचे. आमच्यात एक होता त्याच्या दोन्ही कोपरांत टोचायला जागा उरली नव्हती.

सिस्टर म्हणतात तसा वॉर्ड असेल तर चांगलंच आहे. पण मुंबईत असा वॉर्ड निघाला तर रांगेत कोण असेल ते मला विचारा. घरात तान्हं बाळ आहे का म्हटल्यावर मी त्या वेळी 'नाही' म्हणालो असतो. धाकटा तेव्हा पाच महिन्यांचा होता.

---

सावित्री_बोलतेय | बुधवार, सकाळी ८.३०

चाकरमानी, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. मी पानभर लिहूनही हे असं सांगता आलं नसतं.

माहितीसाठी: २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मुद्दाम संसर्गाच्या अभ्यासासाठी आयसीएमआरने २०२३ च्या जुलैमध्ये धोरणाचा मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या. म्हणजे दार किलकिलं झालेलं आहे. पैसे किती द्यायचे ह्यावर सगळं अडतं. कमी दिले तर पिळवणूक, जास्त दिले तर आमिष.

---

स्टेथोस्कोप | बुधवार, दुपारी १.४५

चाकरमानींच्या शेवटच्या वाक्याने काल झोप उडवली. शिगेला घेऊन माणूस पाच महिन्यांच्या बाळाकडे गेला असता... असो. निदान जंतू निघून गेल्याशिवाय बाहेर न सोडण्याचं कारण हेच.

तरीही मी ह्या बाजूचाच आहे. कारण सांगतो. तोंडी लशी श्रीमंत देशांत उत्तम चालतात, आपल्याकडे आल्या की ढेपाळतात. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, सगळीकडे हेच. लहानपणापासून इतके जंतू पचवलेलं आपलं आतडं आणि मेरीलँडच्या बॉल्टिमोरचं आतडं एक नव्हे. मग तिथल्या ९० टक्क्यांवर इथल्या वस्त्यांसाठी निर्णय घ्यायचा? थायलंडने शिगेलाच्या अशा चाचण्या स्वतःच्या माणसांवर, स्वतःच्या केंद्रात केल्या. त्यांना जमलं.

---

वाशीची_आई | बुधवार, दुपारी ३.१०

टायफॉइडची लसही अशीच जंतू पाजून तपासली होती ना? २०१८ ला नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना फुकट दिली होती. माझ्या मुलीने रांगेत भोकाड पसरलं होतं.

---

स्टेथोस्कोप | बुधवार, दुपारी ३.४०

अगदी तीच. टायफॉइड हा जुलाबाचा आजार नाही म्हणून मी बाजूला ठेवला होता, पण तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो. हैदराबादला बनलेली ती लस ऑक्सफर्डला शंभरेक स्वयंसेवकांना टायफॉइडचे जंतू पाजून तपासली, निकाल २०१७ ला आला. पुढच्याच वर्षी ती तुमच्या मुलीच्या दंडात. सरकारी मोहिमेत ही लस देणारी नवी मुंबई जगात पहिली. तिकडच्या कोणीतरी ताप काढला म्हणून इकडे रांग लागली.

---

नाना_डोंबिवलीकर | बुधवार, सायंकाळी ७.२०

अवांतर: रक्तगटाचा जुलाबाशी काही संबंध असतो का? आमच्या घरात सगळे ओ.

---

परळची_लॅबवाली | बुधवार, रात्री १०.३०

नाना, असतो. ओ गटाच्या माणसाला कॉलरा झालाच तर तो जास्त जोरात होतो, म्हणून ह्या चाचण्यांत कोण कुठल्या गटाचा हे आधी बघतात.

आणि नोरोव्हायरसची गंमत ऐका. उलट्या-जुलाबाचा हा विषाणू स्वयंसेवकांना पाजला तर काही जण कितीही पाजलं तरी आजारी पडेनात. शोधता शोधता कळलं की विषाणूला आतड्यावर चिकटायला रक्तगटाचा एच नावाचा पदार्थ लागतो आणि ह्या लोकांच्या आतड्यात तो नसतोच. आता, शरीरात एच अजिबातच नसलेला रक्तगट कुठला? बॉम्बे ग्रुप. १९५२ साली आपल्याच मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला तो. रक्त मिळता मिळत नाही बिचाऱ्यांना, पण त्या नोरोव्हायरसला त्यांच्या आतड्यात पाय ठेवायला जागा नसावी.

चाकरमानी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझं मत बनलंय असं वाटत होतं, ते तुम्ही मोडलंत. स्टेथोस्कोप म्हणतात ते खरं आहे, आपल्या आतड्यांचा अभ्यास आपल्याकडेच झाला पाहिजे. रिचर्ड कॅश यांचं नाव वाचलं का कोणी? १९६८ ला ढाक्यात ओआरएसची चाचणी करणाऱ्या दोघांतले एक. पुढे मेरीलँडला जंतूंची मात्रा आणि सोड्याचा तो अभ्यास झाला, त्याच्या निबंधावर पहिलं नाव त्यांचंच. मीठ-साखर-पाण्याने माणूस वाचतो ह्याची खात्री असेल तरच त्याला तो कप द्यायची हिंमत होते. दिलीप महालनबीस यांनी १९७१ ला बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत तेच पाणी पिंपांतून वाटलं आणि माणसं जगवली.

पण माझी एक अट राहील. ज्याला त्या सहा हजारांची गरज आहे त्याच्या हातात तो कप द्यायचा नाही. मग कोण उरतं? माझ्यासारखे. पगार चालू, पोरं मोठी, घरात तान्हं कोणी नाही. वय बसलं तर मी जाईन म्हणतेय. ताईला सांगू नका.

---

गिरगावचा_बंड्या | बुधवार, रात्री १०.५८

बाई, तुम्ही गेलात तर तुमचा डबा तपासणार कोण? 😄

(आणि हो, मीही येईन. पाणीपुरीचा अनुभव ग्राह्य धरावा.)

---

चाकरमानी_८१ | गुरुवार, सकाळी ७.०५

लॅबवाल्या ताई, तुमची अट वाचायला बरी वाटते. पण मला त्या वेळी कोणी "तुला गरज आहे म्हणून तुला घेत नाही" असं सांगितलं असतं तर मी चिडलो असतो. फी तुम्ही भरणार होता का?

---

परळची_लॅबवाली | गुरुवार, रात्री ९.१५

ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दिवसभर प्लेटा बघताना हेच डोक्यात होतं.

भाच्याचं सांगते आणि थांबते, उद्या सकाळची पाळी आहे. पठ्ठ्याने मला न विचारता काल तिकडे फोन लावलाच. वजन, उंची, औषधं, आजारपणं, सगळ्यात पास. मग त्यांनी विचारलं की गेल्या काही वर्षांत कॉलऱ्यासारखे आजार असतात अशा देशात राहिला आहात का. हा म्हणाला, जन्मापासून मागच्या ऑगस्टपर्यंत मुंबईत, परळला. पलीकडची बाई फार गोड बोलली म्हणे. म्हणाली, "मग तुमचं आतडं आम्हाला चालणार नाही."

ताईला आता सगळं सांगितलंय. ती म्हणते, आमच्या पोराच्या आतड्याला नावं ठेवणारे हे कोण?